पेनरफर्डची चौकशी

ताहिर चौगुलेला मुलगा पसंत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही उगाच त्या बापड्याला आडमुठा ठरवून मोकळे व्हाल. खिजर म्हसळ्याकडचा, शिकून डॉक्टर झालेला, फोनवर आधी ताहिरच्या बायकोला, नूरबानोला सलाम करून मगच मुलीचं, सुहाचं नाव काढणारा. स्थळ आणलं होतं त्याच्या फुपूने, म्हणजे आत्याने, आतिकाने, आणि आतिका बहरीनमध्ये रिफातच, चौगुल्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. सुहाचं म्हणाल, तर ती फिजिओथेरपिस्ट, बहरीनमध्ये जन्मलेली, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. खिजरचा फोन आला की ती आतल्या खोलीत जायची आणि दार लावून चक्क मराठीत हसायची. आता आणखी काय हवं?

घोडं अडलं होतं गावाशी. खिजर लंडनला नव्हता, बर्मिंगहॅमलाही नव्हता. तो होता पेनरफर्ड नावाच्या तीनेकशे वस्तीच्या खेड्यात, इंग्लंडच्या पार पश्चिमेला, वेल्सच्या शिवेलगत. तिथल्या छोट्या दवाखान्याचा आणि आसपासच्या पाच-सहा वाड्यांचा तो एकटा डॉक्टर. जवळची मशीद गाडीने तासाभरावर. आपलं म्हणावं असं एक घर नाही.

"मुलगा सोन्यासारखा आहे," ताहिर म्हणायचा. "पण मुलगी मुलाला देत नाहीत, गावाला देतात. आधी गावाची चौकशी."

चौगुल्यांच्या घरात ही चौकशी म्हणजे फर्जच. मुलीला मागणी आली की घरातले दोन जाणते न कळवता त्या गावात जाऊन उतरायचे. पहिल्या घरी पाणी मागायचं, दुकानात चहा प्यायचा, मशिदीत नमाज पढून ओट्यावर जरा टेकायचं. मुलाच्या घरी मात्र चुकूनही जायचं नाही. आणि कुणी विचारलंच, तर म्हैस बघायला आलोय म्हणून सांगायचं. मुलगा चार दिवस गोड बोलू शकतो, अख्ख्या गावाला काही तालीम देता येत नाही, असं ताहिरचे वडील म्हणत. पण हे शहाणपण त्यांना फार महागात मिळालेलं होतं.

ताहिरची मोठी बहीण रुकय्या. तिचं लग्न घाईत झालं, मुलगा आखातात नोकरीला आणि दिसायला राजबिंडा, म्हणून चौकशीला कुणी गेलंच नाही. गाव खाडीपलीकडचं, आणि गावात दोन तट, पिढ्यान्‌पिढ्यांचे. रुकय्याला कळा सुटल्या तेव्हा भरती होती, खाडी ओलांडून दवाखान्यात न्यायला होडी होती, वल्हवणारे घरात बसलेले होते. पण होडी एका तटाची आणि रुकय्याचं सासर दुसऱ्या तटाचं. दारोदार हाका मारल्या, कुणी आलं नाही. रुकय्या गेली, पोटातलं बाळही गेलं. त्या वेळी ताहिर शाळकरी होता, आणि तेव्हापासून कुठल्याही गावाचं नाव निघालं की त्याच्या मनात एकच प्रश्न येतो: अडल्या वेळी हे गाव येतं का? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. त्याला हसू नये.

"मग जा की चौकशीला," नूरबानो म्हणाली. "पहिल्या घरी पाणी मागा."

"पाणी मागायचं तर आधी व्हिसा मागावा लागेल," ताहिर म्हणाला. बहरीनमधल्याच सित्रातल्या एका कंपनीत तो स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळतो, वर्षाची लीव्ह गावी जाण्यातच संपते. इंग्लंडला कुठून जाणार? आतिका तर घाई करत होती. खिजर ईदला बहरीनला येणार होता, तेव्हाच साखरपुडा उरकावा असं तिचं म्हणणं. होय की नाही, ते त्याच्या आत सांगायचं होतं.

शेवटी सुहानेच बापाला नकाशा उघडून दिला. "हिअर, बाबा. धिस इज युवर गाव. गो अँड वॉक."

आणि ताहिर खरोखरच चालला. शुक्रवारी जेवणं झाल्यावर सोफ्यावर मांडी घालून, बोटाने. नदीवरच्या दगडी पुलावरून गेला, अरुंद रस्त्याने चढ चढला, दोन्ही बाजूंना काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची घरं बघितली. दुकान बघितलं. चर्च बघितलं, आणि चर्चच्या आवारातलं कब्रस्तान चांगलं निरखून पाहिलं. गवत कापलेलं होतं. "मयतांची निगा राखतात," तो स्वतःशी म्हणाला आणि एक गुण दिला. गावाचं इंटरनेटवर एक पानही निघालं. त्यात लिहिलेलं होतं की गावाच्या इतिहासाबद्दल काही विचारायचं असल्यास मिसेस जोन होल्ट यांना फोन करावा, आणि खाली नंबर.

ताहिरने तो नंबर पाहिला मात्र, त्याचे डोळे चमकले. पहिलं घर सापडलं होतं.

म्हैस बघायला आलोय, हे इंग्रजीत कसं सांगायचं याचा त्याने बराच विचार केला. मग स्टोअरमध्ये बोलतो त्याच साहेबी इंग्रजीत त्याने सांगितलं, की मी बहरीनहून बोलतोय, मला आपल्या गावाच्या इतिहासात अतिशय रस आहे, कृपया माहिती पुरवावी. पलीकडच्या म्हातारीने त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं. बहुधा तो नंबर छापल्यापासून कुणीच फोन केलेला नसावा. पण एकदा तिचा बांध फुटला, तो काही आवरेना.

नमनालाच घडाभर तेल. तिने सुरुवात केली नदीपासून. पेनर ही नदी, डोंगरातून येते आणि गावापाशी वाकण घेते. त्या वाकणात पात्र पसरट होतं, पाणी गुडघ्याएवढं, म्हणून तिथे नदी पायी ओलांडायचा उतार. उतारापाशी गुरं घेऊन जाणारे थांबायचे, त्यांच्यासाठी कुणीतरी चूल मांडली, आणि त्या चुलीचं झालं गाव. नऊशे वर्षांपूर्वी राजाने सगळ्या देशातले नांगर मोजले, तेव्हा पेनरफर्डचेही मोजले. नांगर किती, गिरणी कुणाची, मधाची पोळी किती, सगळं जोनबाईला तोंडपाठ!

ताहिर थक्क झाला. त्याला आपल्या आजोबांचं नाव माहीत होतं, पणजोबांचं माहीत होतं, त्यापलीकडे सगळा काळोख. आणि ही बाई नऊशे वर्षांपूर्वीच्या गिरणीवाल्याबद्दल असं बोलत होती, जणू कालच त्याच्याकडून पीठ आणलंय.

पुढच्या शुक्रवारी त्याने पुन्हा फोन केला. त्याच्या पुढच्याही. आता तर नूरबानो चहा करून त्याच्याजवळ येऊन बसायची आणि म्हणायची, "जोनखाला आज काय म्हणते?" मग ताहिर तिला मराठीत सांगायचा.

"अगं, ऐक. साडेसहाशे वर्षांपूर्वी मोठी साथ आली. निम्मं गाव मेलं. उरले त्यांनी खालची वस्ती सोडली आणि चढावर नवीन घरं बांधली. खालच्या घरांचे उंचवटे अजून शेतात दिसतात. बॅरी म्हणून एक शेतकरी आहे, त्याचं ते शेत. पण त्या तुकड्यात त्याने कधी नांगर घातला नाही. त्याच्या बापाने नाही, आज्यानेही नाही."

"का?"

"लोकांची घरं आहेत म्हणे."

नूरबानोचा कप हातातच राहिला. "या अल्ला," ती म्हणाली. "साडेसहाशे वर्षांनी?"

आणि एकदा जोनबाईने लढाईतल्या मेलेल्यांचं सांगितलं. गावच्या मध्यावर एक दगड आहे, त्यावर गावातून लढायला गेलेल्या आणि परत न आलेल्या पोरांची नावं. दर नोव्हेंबरात ती मोठ्याने वाचतात. नाव वाचलं की त्या घरातलं माणूस पुढे होतं. ज्यांच्या घरात आता कुणीच उरलं नाही, त्यांच्या नावाला गावातलंच कुणीतरी "मी त्याचा" म्हणून उभं राहतं. एकही नाव बेवारस जात नाही. खोटं कशाला बोला, त्या गावावर त्याचा जीव जडला होता. कंपनीतल्या मलबारी हिशेबनिसालाही तो जेवणाच्या सुट्टीत पेनरफर्डचं चर्च समजावून सांगायला लागला होता.

पण इतिहास सगळा मेलेल्यांचा. ताहिरला हवं होतं ते जिवंतांचं. मेलेल्यांसाठी उभं राहणारं गाव जिवंत बाईसाठी धावतं का? आणि मुलगा तिथे कसा वागतो? तेव्हा त्याने एका शुक्रवारी, अगदी सहज म्हणून, खडा टाकून पाहिला. "मॅडम, तुमच्याकडे एक इंडियन डॉक्टर आहेत म्हणे. कसे आहेत?"

जोनबाई म्हणाली, "गिरणीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिलीच." आणि अर्धा तास गिरणी.

पुढच्या वेळी पुन्हा खडा. जोनबाईने चर्चची घंटा सुरू केली. तिसऱ्या वेळी ताहिरने सरळच विचारलं, तर म्हातारी तुटकपणे म्हणाली की डॉक्टरांविषयी परक्या माणसाशी आपण बोलत नाही, आणि पुलाच्या दगडांकडे वळली.

झालं. ताहिरच्या मनात पाल चुकचुकली. तुम्ही कोकणातले नसाल तर तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे चौकशीचा एक कायदा आहे. गावातलं कुणी ठरत असलेलं लग्न आपल्या तोंडाने मोडत नाही, त्याचं पाप लागतं. मुलगा कसा म्हणून विचारलं, आणि समोरच्याने यंदा आंबा कसा आहे ते सांगायला सुरुवात केली, की पाहुण्याने ओळखावं, चहा संपवावा आणि उठावं. जोनबाईने तीन वेळा आंबा सांगितला होता.

"मफी, काही नाही," ताहिर फोन ठेवून म्हणाला. "खलास. आतिकाला कळवून टाका, जमत नाही."

नूरबानोने हातातलं काम टाकलं. "अहो, पण झालं काय?"

"गाव मूग गिळून बसलंय. काहीतरी आहे."

सुहा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता ही इंग्रजीत भडकणार, असं ताहिरला वाटलं. पण सुहा मराठीत बोलली, हळूहळू, एकेक शब्द जुळवत. "बाबा, खिजरला मी विचारलंय सगळं. रात्री-अपरात्री तो त्या लोकांच्या घरी जातो. चिखलात गाडी अडकली तर ट्रॅक्टर घेऊन येतात ते. तुम्ही मला विचारलंत का कधी? तुम्ही माझ्यासाठी गाव शोधतच नाही. तुम्ही रुकय्याफुपूसाठी शोधताय."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं. पोरगी खरं बोलली होती. पण खरं असलं म्हणून भीती जाते थोडीच? माणसाला पोरीचं रडणं सोसतं, पोरीची मयत सोसत नाही. तो आठवडा तसाच गेला. आतिकाला नकार कळवायचं नूरबानो आज-उद्या करत राहिली, आणि ताहिरनेही जोर केला नाही. शुक्रवारी त्याने पेनरफर्डला फोन केला नाही.

फोन तिकडूनच आला. तोही व्हिडिओचा. ताहिर नेमका लुंगी-बनियनवर, घाईत त्याच्या बोटाने हिरवं बटण दाबलं गेलं, आणि नूरबानोने मागून भिरकावलेला शर्ट त्याच्या डोक्यावर येऊन पडला. शर्टातून डोकं बाहेर काढतो तो काय, पडद्यावर सभा भरलेली! एका हॉलमध्ये खुर्च्या मांडून दहा-बारा म्हातारे-कोतारे ओळीने बसलेले, हातात चहाचे कप, मधोमध पांढऱ्या केसांची, काडीसारखी बाई.

"मिस्टर चौगुले," ती म्हणाली, "तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

हाच आवाज जोनबाईचा. ताहिर उठून उभा राहिला, शाळेत मास्तरांनी नाव घेतल्यासारखा.

"तुम्हाला आमच्या इतिहासात रस नव्हता. तुमची मुलगी आमच्या डॉक्टरशी लग्न करणार आहे. हे आम्हाला काल डॉक्टरकडून कळलं. त्याचा चेहरा इतका पडलेला होता, की शेवटी दुकानातल्या बाईने त्याला खुर्चीत बसवून विचारून घेतलं."

मग तिने खुलासा केला, आणि काय खुलासा! पेनरफर्डला कित्येक वर्षं डॉक्टर नव्हता. आधीच्याला एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याने जास्त पगार देऊन पळवलं. म्हातारी माणसं तापात वीस-वीस मैल गाडी हाकत होती. मग हा खिजर आला आणि टिकला. आणि आता बहरीनहून कुणी गोड बोलणारा गृहस्थ दर आठवड्याला फोन करतो, आधी पूल विचारतो, चर्च विचारतो, आणि हळूच डॉक्टर कसा आहे ते विचारतो. त्यांना वाटलं, हा कुठल्यातरी आखाती हॉस्पिटलचा माणूस, आमचा डॉक्टर चोरायला आलाय!

"डॉक्टर चांगला आहे म्हणाले असते, तर तुम्ही त्याला नेलं असतं. वाईट म्हणाले असते, तर ते खोटं झालं असतं," जोनबाई म्हणाली. "म्हणून मी गिरणी सांगत बसले. गिरणीबद्दल मला अजून पुष्कळ सांगता येईल."

ताहिरच्या मागे नूरबानो फस्सकन हसली, आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. सुहा बाहेर आली. तिला बघताच तिकडच्या सगळ्या खुर्च्या एकदम पुढे सरकल्या.

मग जे सुरू झालं ते ताहिरने जन्मात पाहिलं नव्हतं. चौकशीला तो गेला होता, आणि चौकशी त्याचीच चालली होती. मुलगी गाडी चालवते का? तुमच्याकडल्यासारखे रुंद रस्ते नाहीत इथे, समोरून मेंढ्या आल्या तर मागे घ्यावी लागते. चिखल चालेल का? फिजिओथेरपिस्ट आहे? मागच्या रांगेतली एक आजी तिथल्या तिथे आपला गुडघा दाखवायला लागली, तिला बाकीच्यांनी खाली बसवलं. दुकानातल्या बाईने सांगितलं की डॉक्टरसाठी हलाल मटण ती शहरातून मागवतेच, आता दुप्पट मागवेल. मासे गुरुवारी येतात.

"ताजे की बर्फातले, विचारा," नूरबानो मागून म्हणाली. ताहिरने विचारलं. बर्फातले. नूरबानोने मान हलवली, पण माफ केलं.

"आणि ती त्याला इथून घेऊन जाणार का?" हा प्रश्न आला आणि हॉलमधले सगळे कप खाली ठेवले गेले. उत्तर सुहाने दिलं, सरळ पडद्याकडे बघून, की तिला तिथे यायचं आहे, न्यायला नव्हे. त्यावर कुणीतरी टाळी वाजवली.

गाव करी ते राव न करी, असं म्हणतात, पण ते आपल्या माणसासाठी. हे लोक तर म्हसळ्याच्या पोरासाठी खुर्च्या मांडून बसले होते, आमचा डॉक्टर, आमचा डॉक्टर म्हणत. परक्या हातात आपला पोरगा द्यायच्या आधी पोरीच्या बापाची झाडाझडती घेत होते. चौगुल्यांची रीत, अगदी तशीच, फक्त म्हशीचं निमित्त न सांगता! त्याला त्या म्हाताऱ्यांचा असा अभिमान वाटला, जणू आपल्याच वाडीतली माणसं आहेत. त्याचा तो एक प्रश्न मात्र अजून राहिलाच होता. तो विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात टोकाच्या खुर्चीवरचा एक थोराड म्हातारा उठला. चिखलाचे बूट, हातात टोपी.

"हा बॅरी," जोनबाई म्हणाली. "शेताचा."

बॅरीने घसा साफ केला. "माझं एकच विचारणं आहे," तो म्हणाला. "डॉक्टर कामावर असतो. मुलगी नवीन, आईबापापासून लांब. आजारी पडली, किंवा नुसती रडायला लागली, तर आम्ही जाऊच. तिच्यापाशी कुणी नाही असं होणार नाही. पण तुमचा नंबर जोनच्या फोनात आहे, माझ्याकडे नाही. तुम्हाला फोन करायचा तर कुठल्या नंबरवर करायचा?"

ताहिरला काही दिसेना. डोळे पुसायला हातात धड रुमालही नव्हता, शर्टाच्या बाहीनेच पुसले. नूरबानोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याने नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. बॅरीने तो लिहून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला. एक आकडा चुकला होता. ताहिरने तो दुरुस्त केला, पुन्हा वाचायला लावला, आणि सगळा बरोबर आला तेव्हा मराठीतच म्हणाला, "दिली मुलगी."